शेवाळाच्या खात्यावर आपली उधारी

‘निसर्गच करतो ते, त्यात माणसाचा काय दोष?’ हे वाक्य अलीकडे आपल्या शिकल्यासवरल्या घरांतून फार ऐकू येऊ लागले आहे. पाऊस लांबला की निसर्ग, उन्हाळा कडाडला की निसर्ग, आणि ध्रुवावरचा ओझोन विरळ झाला की तोही निसर्गच. वाक्य सोपे आहे, रात्री शांत झोप लागू देणारे आहे, आणि त्याला शास्त्राचा आधार आहे असे छातीठोकपणे सांगितले जाते. ‘समुद्रातले शेवाळसुद्धा म्हणे ब्रोमीनचे वायू सोडते. मग कारखानदाराला आणि आमच्या फ्रीजला बोल कशाला लावता?’ असे विचारणारे गृहस्थ बहुधा पदवीधर असतात. त्यांच्या बोलण्यातला पहिला भाग खरा आहे, आणि म्हणूनच दुसरा भाग धोक्याचा आहे. निव्वळ खोटे चटकन ओळखता येते. अर्धसत्याला मात्र आपण पाट मांडून बसवतो.

याच्या उलट टोकाला दुसरी मंडळी आहेत. ‘रासायनिक’ हा शब्द कानावर पडताच ती नाक मुरडतात. निसर्गातले ते सारे अमृत आणि कारखान्यातले ते सारे विष, अशी त्यांची साधी वाटणी. हिंगाच्या डबीपासून साबणाच्या वडीपर्यंत सगळ्यांवर ‘केमिकल-फ्री’ असे छापून घेणारा व्यापारी त्यांच्याच जिवावर जगतो. या दोन पक्षांचे एकमेकांशी जमत नाही. पण दोघांची खोड एकच. दोघेही पदार्थाचे कूळ विचारतात आणि हिशेब विचारायचे विसरतात. आम्हा शाळामास्तरांना दाखल्यांचा व्यवहार रोजचा, म्हणून सांगतो : रेणू शाळा सोडल्याचा दाखला घेऊन येत नाही. शेवाळाने केलेला ब्रोमोफॉर्म आणि नळाच्या पाण्यात क्लोरीन घातल्यावर कधी कधी तयार होणारा ब्रोमोफॉर्म यांत तिळमात्र फरक नसतो. त्याला विचारायचे ते एवढेच : किती आलास, कधी आलास, किती दिवस राहिलास आणि गेलास कुठे?

हे प्रश्न विचारायला पृथ्वीवर दोन ध्रुवांइतकी चांगली जागा नाही. तिथे सहा महिने दिवस आणि सहा महिने रात्र. समुद्र हिवाळ्यात बर्फाच्या झाकणाखाली जातो आणि उन्हाळ्यात उघडा होतो. आपल्याकडे जे बारा महिन्यांत मिसळून जाते, ते तिथे दोन अंकांत स्वच्छ वेगळे दिसते. म्हणून या दोन्ही पक्षांना घेऊन थोडे ध्रुवाकडे जाऊ.

आधी शेवाळाची बाजू ऐकून घेऊ. आरोपीला आपले म्हणणे मांडू दिलेच पाहिजे. क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन ही हॅलोजन कुळातली भावंडे. ब्लीचिंग पावडरमुळे आणि टिंक्चर आयोडीनमुळे यांतली दोघे आपल्या ओळखीची आहेतच. ही मूलद्रव्ये कार्बनशी जोडली गेली की सेंद्रिय हॅलोजन संयुगे बनतात. समुद्रात ब्रोमाइड भरपूर आहे, आयोडाइडही आहे. सूर्यप्रकाशात शेवाळाच्या पेशीत हायड्रोजन पेरॉक्साइड साठू लागते. त्याचा निचरा करताना व्हॅनेडियमयुक्त विकर ब्रोमाइडला कामाला लावते, आणि त्या धडपडीत ब्रोमोफॉर्म, डायब्रोमोमीथेन अशी संयुगे बाहेर पडतात. मिथिल आयोडाइडसारखी आयोडीनची संयुगेही समुद्रातल्या जीवसृष्टीतून येतात. किनाऱ्यावरचे मोठे शेवाळ हे काम करते, पाण्यात तरंगणारे सूक्ष्म प्लवक करतात, आणि बर्फाच्या खालच्या अंगाला चिकटून वाढणारे तपकिरी बर्फशैवालही करते. उत्तर ध्रुवाकडील बर्फशैवाल ब्रोमोफॉर्म सोडते, ही नोंद शास्त्रज्ञांनी १९९२ साली प्रसिद्ध केली.

प्रमाण किती? ध्रुवाजवळच्या समुद्राच्या एका लिटर पाण्यात ब्रोमोफॉर्म सापडतो तो काही नॅनोग्रॅम ते काही दहा नॅनोग्रॅम. एक नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. हवेत तर एक लाख कोटी रेणूंमागे जेमतेम काही रेणू. लाख कोटी हा आकडा आपण आजवर घोटाळ्यांच्या बातम्यांतच वाचत आलो. शास्त्रज्ञ तो रोज प्रयोगशाळेत मोजतात.

आता यातला ऋतू पाहा. अंटार्क्टिक द्वीपकल्पावर ब्रिटिशांचा रोथेरा नावाचा तळ आहे. त्याला लागून असलेल्या रायडर उपसागरात हिवाळा-उन्हाळा पाण्याचे नमुने घेतले गेले. उन्हाळ्यात बर्फ हटतो, ऊन पाण्यात शिरते, प्लवकांना बहर येतो आणि त्याबरोबर ब्रोमोफॉर्मही चढतो. बहर ओसरला की तो उतरतो. पाण्यातली सुगी अशी उन्हाळ्याची. हवेत मात्र उलटे दिसते. अलास्काच्या उत्तर टोकाला बॅरो नावाचे गाव आहे (२०१६ पासून त्याचे नाव उत्किआग्विक झाले). तिथल्या हवेत ब्रोमोफॉर्म हिवाळ्यात जास्त आणि उन्हाळ्यात कमी असतो, असे १९८०च्या दशकातच आढळले. हे कोडे सोपे आहे. ब्रोमोफॉर्म मोडतो तो मुख्यतः सूर्यप्रकाशामुळे. एरवी हवेत त्याचे आयुष्य सुमारे तीन आठवड्यांचे. ध्रुवावरच्या काळोखात त्याला मोडणारे कोणी नसते, म्हणून इकडून तिकडून आलेला माल साठत जातो. उन्हाळ्यात आवक मोठी, पण खर्च त्याहून मोठा. कणगी भरलेली दिसते ती खाणारी तोंडे घरी नसतात म्हणून.

यात ध्यानात घ्यायची गोष्ट अशी की ही संयुगे चढतात आणि उतरतात. आवक-जावक होते, आणि वर्ष सरताना खाते जवळपास जिथल्या तिथे येते. मागच्या वर्षीचा ब्रोमोफॉर्म या वर्षीच्या हवेत बाकी म्हणून राहत नाही. शेवाळ हे काम कोट्यवधी वर्षे करत आले आहे आणि ओझोनचे छत्रही तितकाच काळ डोक्यावर आहे. शेवाळ जर गुन्हेगार, तर त्याने गुन्हा करायला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत वाट का पाहिली, याचे उत्तर ‘निसर्गच करतो’ म्हणणाऱ्यांनी द्यावे.

शेवाळावर एकदा खरोखरच संशय घेतला गेला होता, तेही सांगतो. कॅनडाच्या उत्तरेला अलर्ट नावाचे केंद्र आहे. दीर्घ रात्रीनंतर तिथे सूर्य उगवला की जमिनीलगतच्या हवेतला ओझोन काही तासांत, काही दिवसांत शून्याजवळ येतो. १९८८ साली हे प्रसिद्ध झाले तेव्हा ब्रोमीनचा हात स्पष्ट दिसला, आणि शेवाळाच्या ब्रोमोफॉर्मकडे बोट गेले. पुढे हिशेब केला तेव्हा कळले की इतक्या झटपट नाशासाठी ब्रोमोफॉर्म फार हळू मोडतो. खरा पुरवठा होत होता तो बर्फावर आणि हिमावर बसलेल्या समुद्राच्या मिठातून. त्या मिठातला ब्रोमाइड वसंतातल्या उन्हात साखळीने मोकळा होतो. एकाचे दोन, दोनाचे चार. त्याला ‘ब्रोमीनचा स्फोट’ असेच नाव पडले आहे. शेवाळाची त्या मुख्य आरोपातून सुटका झाली, आणि ती झाली मोजणीमुळे. कोणाच्या श्रद्धेमुळे नव्हे.

आणि हा सगळा प्रकार जमिनीलगतचा, दरवर्षी वसंतात होणारा. वर पंधरा-वीस किलोमीटरवर, स्थितांबरात, जे ओझोनचे छत्र आहे त्याची गोष्ट वेगळी. अर्धसत्यवाले नेमकी इथेच गफलत करतात. खालच्या मजल्यावरची घटना दाखवून वरच्या मजल्यावरच्या चोरीचा खुलासा देतात.

* * *

आता माणसाचे खाते उघडू.

१९७१ साली जेम्स लव्हलॉक हे ब्रिटिश शास्त्रज्ञ ‘शॅकल्टन’ जहाजावर बसून इंग्लंडहून अंटार्क्टिकाकडे निघाले. अतिसूक्ष्म प्रमाणातले हॅलोजनयुक्त वायू हुंगणारे एक उपकरण त्यांनीच पूर्वी शोधले होते. वाटेत हवेचे आणि पाण्याचे नमुने घेत गेले. समुद्रात त्यांना मिथिल आयोडाइड सापडले, ते निसर्गाचे. आणि हवेत, उत्तरेपासून थेट दक्षिणेपर्यंत, सगळीकडे सीएफसी-११ सापडला. हा वायू निसर्गात कुठेही तयार होत नाही. तो फ्रीज, फवाऱ्याचे डबे आणि फोम यांसाठी कारखान्यात केलेला. जिथे एकही कारखाना नाही तिथेही तो लाख कोटीला पन्नासच्या आसपास होता. एकाच जहाजाच्या एकाच फेरीत निसर्गाची आणि माणसाची अशी दोन्ही खाती शेजारी शेजारी लिहिली गेली. लव्हलॉक यांना स्वतःला तेव्हा त्यात काही धोका वाटला नव्हता. धोका दाखवला तो १९७४ साली मोलिना आणि रोलंड यांनी. क्रुट्झेन यांच्यासह त्यांना १९९५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

सीएफसीला हंगाम असा जवळपास नाही. तो पावसात धुतला जात नाही, जमिनीलगतच्या उन्हाने मोडत नाही, जिवाणू त्याला हवेतून खाऊन टाकत नाहीत. सीएफसी-११ चे आयुष्य सुमारे पन्नास वर्षांचे, सीएफसी-१२ चे सुमारे शंभर. लव्हलॉक यांच्या पन्नासचे १९९० च्या दशकात अडीचशेहून अधिक झाले. ही लाट नव्हती, चढण होती.

आपल्या विहिरीचे उदाहरण घ्या. वैशाखात पाणी खाली जाते, श्रावणात वर येते. यात कोणी घाबरत नाही. पण या वैशाखातले पाणी गेल्या वैशाखापेक्षा हातभर खाली, आणि गेल्या वैशाखातले त्याआधीच्या वैशाखापेक्षा हातभर खाली, असे दहा वर्षे चालले तर ‘उन्हाळ्यात विहीर आटतेच’ हे उत्तर चालत नाही. शेजारच्या कूपनलिका मोजाव्या लागतात. व्यापाऱ्याच्या भाषेत, रोजची कीर्द आणि वर्षअखेरची बाकी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ऋतू कीर्दीत दिसतो. गुन्हा बाकीत दिसतो.

यावर हुशार मंडळींचा एक ठेवणीतला बाण असतो. ‘समुद्रात इतके मीठ, मिठात क्लोरीन, मग सीएफसीतल्या चिमूटभर क्लोरीनची काय कथा?’ उत्तर आपल्या मृगाच्या पावसात आहे. मीठ पाण्यात विरघळते, पाऊस ते धुऊन खाली आणतो, वरच्या मजल्यापर्यंत ते क्वचितच पोचते. सीएफसी विरघळत नाही, म्हणून तो वर्षानुवर्षे हिंडत हिंडत वर जातो आणि तिथल्या प्रखर किरणांनी फुटून क्लोरीन मोकळा करतो. आज स्थितांबराकडे जाणाऱ्या क्लोरीनपैकी चार-पंचमांशाहून अधिक माणसाच्या संयुगांतून आलेला आहे. नैसर्गिक वाटा मुख्यतः मिथिल क्लोराइडचा, आणि तो लहान आहे.

ब्रोमीनच्या बाबतीत निसर्गाचा वाटा मोठा आहे, हे लपवण्याचे कारण नाही. ओझोनच्या नाशात ब्रोमीनचा एक अणू क्लोरीनच्या अणूपेक्षा सुमारे साठपट भारी पडतो. स्थितांबरातल्या ब्रोमीनपैकी सुमारे चौथा हिस्सा शेवाळ-प्लवकांच्या अल्पायुषी संयुगांचा आहे. मिथिल ब्रोमाइडचाही काही भाग निसर्गातून येतो. पण हा चौथा हिस्सा वर चढतो तो मुख्यतः उष्ण कटिबंधातल्या समुद्रांवरून, जिथे हवेचे उंच लोट उठतात. ध्रुवीय शेवाळाचा वायू बहुतांशी खालीच संपतो. शिवाय ब्रोमीनचे बरेचसे विध्वंसक काम क्लोरीनच्या जोडीने चालते. घरात आधीच राहणाऱ्या माणसाच्या हाती बाहेरून आलेल्याने काडेपेटी दिली, तर आगीचा खटला कोणावर चालवायचा?

* * *

इथे अर्धसत्यवाले आपला हुकमाचा एक्का टाकतात. ‘पण ओझोनचे ते भोकसुद्धा ऋतूप्रमाणेच पडते ना? ऑगस्टमध्ये पडते, डिसेंबरात बुजते. म्हणजे निसर्गच!’

प्रश्न रास्त आहे. केवळ ऋतू पाहून निकाल देणाऱ्याला तो नक्की फसवील. मी शेवाळाचा ऋतू दाखवला तो त्याला निर्दोष ठरवण्यासाठी पुरेसा नव्हता. बाकी शून्याजवळ येते, हेही दाखवावे लागले. तोच नियम इथे लावू. अंटार्क्टिकाच्या दीर्घ रात्री वरच्या हवेत वाऱ्याचे एक प्रचंड कडे तयार होते आणि आतली हवा उणे ७८ अंश सेल्सियसच्याही खाली जाते. तिथे विरळ ढग बनतात. त्या ढगांच्या कणांवर एरवी निपचित पडलेला क्लोरीन मोकळा होण्याच्या तयारीत येतो. वसंतात सूर्य उगवला की तो ओझोनवर तुटून पडतो. कडे विस्कटले की बाहेरची हवा आत येते आणि जखम भरते. थंडी, काळोख, ढग, पहाट हे सगळे निसर्गाचे. रंगमंच त्याचा, पडदाही त्याचा. पण हा रंगमंच माणसाच्याही आधीपासून दरवर्षी उभा राहत होता. नाटक नवे आहे, कारण पात्र नवे आले.

पुरावा? हॅली या ब्रिटिश तळावर १९५६ पासून ओझोन मोजला जात होता. तिथल्या ऑक्टोबरची सरासरी पूर्वी तीनशे डॉबसन एककांच्या आसपास असे. १९८४ पर्यंत ती दोनशेच्या घरात आली. फार्मन, गार्डिनर आणि शँक्लिन यांनी १९८५ साली ते जाहीर केले. ऑक्टोबरची तुलना त्यांनी ऑक्टोबरशीच केली, हे लक्षात ठेवा. म्हणजेच वैशाखाची वैशाखाशी. सुझन सॉलोमन यांनी १९८६ आणि १९८७ साली अंटार्क्टिकावर जाऊन क्लोरीनची करामत मोजली. १९८७ मध्ये विमानाने थेट त्या थरात जाऊन पाहिले, तेव्हा क्लोरीन मोनॉक्साइडचा आलेख जिथे उसळला तिथेच ओझोनचा कोसळला. एवढे सरळ पंचनामे गावच्या चोरीतही मिळत नाहीत.

जाता जाता शब्दाबद्दल एक तक्रार. ‘ओझोनला भोक पडले’ हे आपण मुलांना वर्षानुवर्षे शिकवत आलो. भोक म्हटले की मुलांच्या डोळ्यांपुढे फाटलेली छत्री येते, आणि ठिगळ लावले की झाले असे वाटते. ओझोन कुठेही संपूर्ण नाहीसा झालेला नाही. तो एका ऋतूत, एका उंचीवर, एका प्रदेशावर फार विरळ होतो. ‘एका वाक्यात उत्तर लिहा’ या रकान्यात ‘सीएफसीमुळे’ एवढे लिहून एक गुण मिळवलेला मुलगा पुढे पदवीधर होतो, आणि शेवाळाची बातमी वाचली की त्याचा तो एक गुण गळून पडतो. कारण ‘कशामुळे’ हे त्याला सांगितलेले असते. ‘कशावरून’ हे कोणीच सांगितलेले नसते.

* * *

आता आपल्या घरातल्या एका डब्याकडे येतो. बीएचसी पावडर ठाऊक नाही असे जुने शेतकरी घर या भागात विरळा. कुबट वासाची ती भुकटी पिकावर धुरळली जाई, गोठ्यात टाकली जाई, मुंग्यांच्या वारुळावरही पडे. तिचे शास्त्रीय नाव हेक्झाक्लोरोसायक्लोहेक्झेन; हेही सेंद्रिय हॅलोजन संयुगच. त्या मिश्रणात कीड मारणारा ‘गॅमा’ प्रकार शंभरात दहा-पंधरा भाग. साठ-सत्तर भाग असे तो ‘अल्फा’, कीडनाशक म्हणून जवळजवळ निकामी. म्हणजे पोत्यातला बहुतेक माल आपण फुकट हवेत, पाण्यात आणि मातीत घालवत होतो. चीन आणि भारत हे याचे जगातले मोठे वापरकर्ते. चीनने १९८३ मध्ये ते थांबवले, भारताने १९९७ मध्ये.

उष्ण प्रदेशात ही भुकटी हळूहळू उडते, वाऱ्याबरोबर जाते, आणि थंडी लागली की खाली बसते. असे उठत-बसत ती ध्रुवाकडे सरकते. थंड पाणी तिला चांगले धरून ठेवते. उत्तर ध्रुव महासागराने अशी वर्षानुवर्षे हवेतली अल्फा भुकटी पोटात घेतली. मग वापर घटला, हवेतले प्रमाण उतरले. १९९० च्या दशकात शास्त्रज्ञांनी बेरिंग आणि चुक्ची समुद्रांवर मापे घेतली, तेव्हा उलटा प्रवाह दिसला. जो समुद्र घेत होता, तो आता परत देऊ लागला होता. हिवाळ्यात बर्फाचे झाकण बसले की व्यवहार थांबतो. उन्हाळ्यात बर्फ हटला की साठलेली भुकटी पुन्हा हवेत येते.

‘ऋतूप्रमाणे बदलते म्हणजे नैसर्गिक’ म्हणणाऱ्यांनी हे नीट वाचावे. इथे ऋतू आहे, समुद्र आहे, बर्फ आहे, चढउतार आहे. आणि तरीही त्यातला एकूण एक रेणू माणसाने केलेला आहे. त्यातला कुठला रेणू कुठल्या शिवारातला, हे कोणी सांगू शकणार नाही. पण पोत्याची सुतळी सोडणारे हात कोणाचे होते ते आपल्याला ठाऊक आहे. निसर्ग इथे पोस्टमन आहे. पत्र आपलेच आहे.

* * *

एवढे ऐकल्यावर ‘मग आता करायचे तरी काय, सगळे हाताबाहेर गेले’ असे म्हणणारा तिसरा पक्ष उभा राहतो. त्याच्या हातावर मी एक हिशेब ठेवू इच्छितो. १६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रियल करार झाला; भारत १९९२ मध्ये त्यात सामील झाला; पुढे जगातला एकूण एक देश आला. विकसनशील देशांना सीएफसी बंद करण्याची मुदत २०१० ची होती. आज दुकानात मिळणाऱ्या नव्या फ्रीजमध्ये सीएफसी नाही, ही त्या कराराची कमाई. हवेतला सीएफसी-११ उतरतो आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पाठबळाने झालेल्या २०२२ च्या शास्त्रीय आढाव्यानुसार, करार पाळला गेला तर ओझोन १९८० च्या पातळीवर अंटार्क्टिकावर २०६६ च्या सुमारास, उत्तर ध्रुवावर २०४५ च्या सुमारास आणि इतरत्र २०४० च्या सुमारास येईल. ‘निसर्गच करतो’ हे खरे असते, तर करारामुळे काही फरक पडायला नको होता.

आणि २०१८ ची गोष्ट विसरू नका. सीएफसी-११ हवा तितक्या वेगाने उतरत नाही, कोणीतरी २०१२ नंतर चोरून तो पुन्हा सोडत आहे, हे हवा मोजणाऱ्यांच्या लक्षात आले. दक्षिण कोरिया आणि जपानमधल्या केंद्रांच्या नोंदींवरून २०१९ साली माग काढला तो पूर्व चीनमधल्या शांतुंग आणि हपै प्रांतांपर्यंत पोचला. बोभाटा झाला, कारवाई झाली, आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या नोंदींत उत्सर्जन पुन्हा उतरलेले दिसले. वहीतली बाकी जुळेना म्हणून चोराचा माग लागला.

यापुढचे काम अधिक अवघड आहे, कारण आता खुद्द ऋतूच पहिल्यासारखे राहिलेले नाहीत. उत्तर ध्रुवावरचा बर्फ सप्टेंबर २०१२ मध्ये सुमारे ३४ लाख चौरस किलोमीटरपर्यंत आकसला. अंटार्क्टिकाभोवतीचा हिवाळी बर्फ २०२३ मध्ये १७० लाख चौरस किलोमीटरपर्यंतही पोचला नाही. १९७९ पासूनच्या उपग्रह-नोंदीत तोवर इतका कमी तो कधीच नव्हता. बर्फ बदलला की प्लवकांचा बहर बदलतो, बहर बदलला की त्यांचे वायू बदलतात. ग्रीनलंडच्या बर्फाच्या गाभ्यात १९५० ते २०१० या काळात आयोडीन तिप्पट झाल्याचे २०१८ साली प्रसिद्ध झाले. त्याची दोन कारणे शास्त्रज्ञ देतात. माणसाच्या धुराने जमिनीलगतचा ओझोन वाढला आणि त्याने समुद्रातून जास्त आयोडीन उपसले. आणि बर्फ पातळ झाल्याने त्याखालची जीवसृष्टी वाढली. आयोडीन समुद्राचे, पण त्याला चिथावणी आपली. म्हणजे शेवाळाच्या खात्यावरही आता आपल्या हातच्या नोंदी पडू लागल्या आहेत. पुढच्या पिढीला निसर्गाचे काय आणि माणसाचे काय हे ओळखायचे असेल, तर तिला आजची स्वच्छ नोंद हाती लागली पाहिजे. ती आज घेतली नाही तर उद्या कितीही पैसे टाकून मिळणार नाही.

म्हणून माझे भांडण आहे ते मोजणीकडे दुर्लक्ष करणाऱ्यांशी. ध्रुवीय समुद्रांवर जहाजे जातात ती बहुधा उन्हाळ्यात. हिवाळ्यातली माप-नोंद त्यामुळे तोकडी राहते. उन्हाळ्याच्या मापावरून वर्षाचा निवाडा करणे म्हणजे श्रावणात विहीर पाहून ‘पाणी मुबलक’ असा शेरा मारणे. आपल्या देशाला इथे करण्यासारखे पुष्कळ आहे. आमच्याकडून चोर्ल्याचा घाट उतरला की गोवा. तिथूनच डिसेंबर १९८१ मध्ये अंटार्क्टिकाची पहिली भारतीय मोहीम निघाली. तिथेच वास्कोला ध्रुवीय संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र आहे. ‘मैत्री’ १९८९ पासून आणि ‘भारती’ २०१२ पासून अंटार्क्टिकावर उभी आहे, आणि तिथे हिवाळ्यातही आपली माणसे राहतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनी या दोन्ही तळांवर तीन उन्हाळे आयोडीन मोनॉक्साइड मोजून २०२१ मध्ये प्रसिद्ध केले. हे काम अभिमानाचे आहे. त्याला काळोख्या महिन्यांची जोड मिळावी, वर्षामागून वर्षे मिळावी, आणि ‘यात काय फायदा?’ असे विचारणाऱ्यांनी हॅलीच्या त्या तीन शास्त्रज्ञांची वही आठवावी. १९५६ साली ती वही उघडणाऱ्यांना तिचा उपयोग ठाऊक नव्हता.

पाडव्याला आपल्या बाजारपेठांतून नव्या वह्यांची पूजा होईल. जुन्या वहीतली बाकी नव्या वहीत पहिल्या पानावर ओढल्याशिवाय कोणताही व्यापारी पुढचा व्यवहार लिहीत नाही, आणि आपली उधारी शेजाऱ्याच्या नावावर मांडणाऱ्याला पेठेत पत राहत नाही. शेवाळाच्या नावावर जेवढे आहे तेवढे खुशाल त्याच्या नावावर लिहा, कमी करू नका. उरलेले मात्र आपल्या नावावर लिहा. आणि मुलांना परीक्षेत ‘कशामुळे’च्या आधी ‘कशावरून’ विचारा.